परंड्यात वाट चुकता येईल का?

प्रश्न : मी मूळची परंड्याची, सध्या पुण्यात फोटोग्राफी शिकते. या सत्रात 'सायकोजिओग्राफी आणि भटकंती' या विषयावर आम्हाला एक चित्रमालिका करायची आहे. वर्गातली बरीच मुले पुण्यातल्या पेठा घेणार आहेत. मला आपले गाव घ्यावेसे वाटते. पण परंडा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला फार वेळ लागत नाही आणि गल्ल्या तर मला पाठ आहेत. शिवाय मुलगी काही काम नसताना फिरताना दिसली की कोणीतरी विचारणारच, 'कुठं निघालीस गं?' हा प्रकार नेमका आहे तरी काय? लहान गावात तो जमतो का? आणि भटकून आल्यावर फोटोंचे करायचे काय?
– एक विद्यार्थिनी, परंडा (जि. धाराशिव)

उत्तर : परंडाच घ्या. गल्ल्या पाठ आहेत, ही तुमची जमेची बाजू आहे. परक्या गावात सगळेच नवे दिसते आणि नवलाईचे फोटो भराभर निघतात. पाठ असलेल्या गावात नवे दिसायला पद्धत लागते, आणि हा विषय ती पद्धतच शिकवतो. तुमचे प्रश्न एकेक करून घेऊ.

हा प्रकार नेमका काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये काही तरुण लेखक-कलावंतांचा एक गट होता. गी दबोर हा त्यांचा पुढारी. आपण शहरात मनाला येईल तसे फिरतो असे आपल्याला वाटते, पण खरे तर शहरच आपल्याला ठरावीक रस्त्यांवरून चालवत असते, असे या मंडळींचे म्हणणे होते. एखाद्या चौकात आपण रेंगाळतो, एखाद्या बोळात पाय आपोआप भरभर पडतात, एखाद्या दारासमोरून जाणेच नको वाटते. यामागे जागेची बांधणी, तिची मालकी, तिचा इतिहास अशी कारणे असतात, आणि ती चालून शोधता येतात. दबोरने १९५५ च्या एका लेखात या शोधाला सायकोजिओग्राफी म्हटले. पुढच्याच वर्षी त्याने भटकण्याची रीत मांडली. रोजची कामे आणि भेटीगाठी काही काळ बाजूला ठेवायच्या, जागा ओढील तिकडे जायचे, शक्यतो दोघातिघांनी मिळून, साधारण दिवसभर. नंतर सगळ्यांनी आपापली निरीक्षणे ताडून पाहायची. म्हणजे यात मोकळीक आहे तशी शिस्तही आहे.

ही रीत मांडणाऱ्या लेखातले एक उदाहरण तुमच्या फार जवळचे आहे. शोंबार द लोव या समाजशास्त्रज्ञाने १९५२ च्या आपल्या पुस्तकात पॅरिसमधल्या एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या हालचाली नकाशावर रेघांनी दाखवल्या होत्या. त्या रेघांचा एक लहानसा त्रिकोण तयार झाला. एका टोकाला तिचे घर, दुसऱ्या टोकाला तिचे महाविद्यालय, तिसऱ्या टोकाला तिच्या पियानोच्या शिक्षकाचे घर. एवढ्या अफाट शहरातले एवढेसे शहर एका मुलीच्या वाट्याला यावे, याची दबोरला चीड आली. तुम्हीही आधी आपला त्रिकोण काढा. घर, शाळा, एसटी स्टँड, एखाद्या मैत्रिणीचे घर, किराणा दुकान. मनात असलेल्या परंड्याचा नकाशा कागदावर काढा आणि लहानपणापासून ज्या वाटांनी खरोखर चालला आहात तेवढ्याच गडद करा. पाठ असलेले गाव किती आणि नुसते नावाने माहीत असलेले किती, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. तुमच्या मालिकेतले हे पहिले पान.

१९५७ मध्ये दबोरने 'द नेकेड सिटी' नावाचा एक नकाशा केला. पॅरिसच्या छापील नकाशाचे १९ तुकडे कापून, त्यांच्यामधली खरी अंतरे मोडून, ते त्याने लाल बाणांनी जोडले. कुठल्या वस्तीतून पाय कुठल्या वस्तीकडे ओढ घेतात, तेवढेच ते बाण सांगत. या नावाचा धागा तुमच्या विषयापर्यंत येतो. हे १९४८ च्या एका अमेरिकी चित्रपटाचे नाव, आणि चित्रपटाने ते घेतले होते वीजी या छायाचित्रकाराच्या १९४५ च्या पुस्तकावरून. वीजी रात्रीच्या न्यूयॉर्कमधले अपघात, आगी आणि गर्दी टिपत हिंडत असे.

त्याच्याही आधीचा ओझेन आत्जे (१८५७-१९२७) तुम्ही अभ्यासायलाच हवा. जड लाकडी कॅमेरा आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा घेऊन तो तीसेक वर्षे पॅरिसचे जुने रस्ते, अंगणे, जिने, दुकानांच्या दर्शनी काचा टिपत राहिला. आपले फोटो तो चित्रकारांना उपयोगी पडणारे दस्तऐवज म्हणून विकत असे. जागेचे नाव नोंदवण्यात तो काटेकोर होता. त्यातल्या अनेक जागा नंतर पाडल्या गेल्या, आणि आज त्या पाहायच्या तर त्याच्याच फोटोंत पाहाव्या लागतात.

ही रीत मराठीला परकी नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर हिंडले आणि अनुयायांनाही त्यांनी अटन सांगितले, म्हणजे एका जागी न रुतता फिरत राहणे. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यांच्या महानुभाव पंथातल्या नंतरच्या अनुयायांनी 'स्थानपोथी' लिहिली. तिच्यात गावोगावच्या जागांच्या नोंदी आहेत. स्वामी कुठल्या देवळात उतरले, कुठल्या बाजूला बसले, दार कोणत्या दिशेला, असा बारीक तपशील आहे. अशा अनेक जागांवर ओटे बांधलेले आहेत आणि भाविक आजही तिथे डोके टेकतात. एका माणसाच्या पावलांवरून मुलखाचा नकाशा लिहिणारा ग्रंथ आपल्याकडे इतक्या आधी झाला. दबोरच्या शेजारी 'स्थानपोथी'चे नाव ठेवा, तुमच्या प्रकल्पाच्या टिपणाला वजन येईल. हेतू मात्र वेगळे आहेत हेही लिहा. महानुभावांना ती जागा श्रद्धेने जपायची होती, दबोरला तिच्याशी भांडायचे होते.

लहान गावात जमते का?

परंड्यात जमते, कारण चालणाऱ्याचे पाय वळवण्यासाठीच बांधलेली एक वास्तू तिथे गावाला लागून उभी आहे. परंड्याचा किल्ला भुईकोट आहे. डोंगराची आड नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी ती आड माणसाच्या वाटेत उभी केली. आधी खंदक, मग दुहेरी तट, मग एकामागून एक दरवाजे, आणि दोन दरवाजांमध्ये वळण. सरळ धाव घेऊन आत शिरता येऊ नये, हत्तीला दारावर धडक द्यायला जागा मिळू नये, आणि वळणाऱ्या माणसावर वरून नजर राहावी, असा तो हिशोब आहे. बहमनी काळात हा किल्ला उभा राहिला आणि परंपरेने त्याचे श्रेय बहमनी वजीर महमूद गवानला देतात. बुरूज २६ सांगितले जातात आणि काहींवर तोफा आजही आहेत. हे सगळे तुम्हाला सहलीत सांगितले गेले असेल. आता एकदा सांगितलेले विसरून, पायांकडे लक्ष ठेवून आत जा. कुठे वेग कमी झाला? कुठे मान वर गेली? कुठे आपण पाहिले जात आहोत असे वाटले? त्या प्रत्येक ठिकाणी थांबून, नजर जिकडे गेली तिकडचाच एक फोटो घ्या. तटाचे सुंदर दृश्य पुष्कळांनी टिपले आहे. तट माणसाला काय करायला लावतो, हे तुम्ही दाखवा.

दुसरी वाट एका गेलेल्या तोफेची आहे. मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. ती पुढे परंड्याला आली. १६३२ च्या सुमारास परंडा आदिलशाहीकडे गेला आणि ही तोफ विजापूरला नेली. ती ओढायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, असे सांगतात. तिचे वजन सुमारे ५५ टन मानले जाते आणि आजही ती विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आहे. परंड्याहून विजापूर सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर. मध्ये भीमा आडवी येते. सगळी वाट चालायची गरज नाही. किल्ल्यातून निघून दक्षिणेकडे, एवढे अवजड ओझे कुठून गेले असेल असा विचार करत, गाव संपून शेते लागेपर्यंत चाला. चढ, उतार, ओढा, मऊ काळी माती हे सगळे एरवी नजरेत न येणारे तपशील मग कामाचे होतात. जे आता तिथे नाही त्याचा माग काढणे ही छायाचित्रकाराची मोठी कसोटी असते.

तिसरी वाट पुसल्या गेलेल्या सरहद्दीची. परंडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, शेजारची बार्शी इंग्रजी मुलखात. संस्थानाचा हाली सिक्का वेगळा, करोडगिरी म्हणजे जकात वेगळी. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली ती पलीकडच्या बाजूला, आणि परंड्याला आजही रेल्वे नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले आणि ती सरहद्द गेली. पण बाजारहाट, दवाखाना, सोयरिकी यांतून लोकांच्या पायांनी त्या रेषेशी काही हिशोब ठेवला असेल का? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की त्यांच्या लहानपणी बार्शीला जाताना 'पलीकडे' कुठे लागायचे. त्यांनी दाखवलेल्या जागेवर जाऊन उभ्या राहा. तिथे कदाचित नुसते शाळूचे रान असेल. तो फोटो आणि खाली त्यांचे शब्द, एवढे पुरे आहे.

चौथी वाट चालणाऱ्यांचीच आहे. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी आषाढात परंड्यावरून पंढरपूरला जाते. पालखीचे फोटो त्या दिवशी शेकडो निघतात. तुम्ही ती निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने चाला. इतकी पावले पडून गेलेला रस्ता कसा दिसतो, मुक्कामाच्या जागेवर काय उरते, गाव परत आपल्या चालीवर कसे येते, ते पाहा.

एक खेळही करून पाहा. दबोरने लिहिले आहे की त्याच्या एका मित्राने जर्मनीतल्या हार्झ भागात लंडनचा नकाशा हातात घेऊन, त्यातल्या वाटांचे डोळे झाकून पालन करत भटकंती केली. परंड्यासाठी याहून नेमका नकाशा आहे. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतले आणि निजामशाहीची गादी काही काळ परंड्याला आली. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला इथूनच पुढे आणले. म्हणून अहिल्यानगरच्या, म्हणजे त्याच अहमदनगरच्या, जुन्या शहराचा नकाशा घ्या आणि त्याच्या सांगण्यावरून परंड्यात चाला. नकाशा डावीकडे वळा म्हणेल आणि समोर कुणाचे तरी जोते असेल. नकाशा चौक दाखवेल आणि तुम्ही माळवदाच्या घरांच्या मागच्या बोळात असाल. जी वाट तुम्ही जन्मात घेतली नसती ती घ्यावी लागेल. पाठ असलेल्या गावात वाट चुकण्याचा हा खात्रीचा उपाय आहे.

आणि भटकणे म्हणजे सतत चालणेच असे नाही. कवी अरुण कोलटकर मुंबईत काळा घोडा भागातल्या वेसाइड इन नावाच्या उपाहारगृहात वर्षानुवर्षे बसून समोरचा तिठा पाहत राहिले. त्यातून 'काळा घोडा पोएम्स' हा संग्रह २००४ मध्ये आला. कोलटकर पेशाने जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले दृश्यकलावंत होते, हे फोटोग्राफीच्या विद्यार्थिनीने लक्षात ठेवावे. एक पूर्ण दुपार एका जागी बसून, कॅमेरा मांडीवर ठेवून, समोरची वर्दळ पाहण्यासाठी राखून ठेवा.

'कुठं निघालीस गं?'

तुमच्या पत्रातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. पॅरिसमधल्या, लंडनमधल्या भटक्यांची जी नावे पुस्तकांत येतात ती बहुतेक पुरुषांची आहेत. उगाच चौकात उभे राहण्याची मुभा त्यांना जन्मतःच मिळालेली होती. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिले. सार्वजनिक जागेत बाईला सतत आपले काहीतरी काम असल्याचे दाखवावे लागते, असे त्यांना आढळले. काही काम नसताना तिथे असण्याचा हक्क तिला हवा, हे त्यांचे सांगणे. मुंबईत ही गत, तर तालुक्याच्या गावात ती किती घट्ट असेल हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता.

म्हणून हा प्रश्न चुकवू नका, त्यालाच मालिकेचा कणा करा. कोणी 'कुठं निघालीस' म्हणेल ती जागा नकाशावर खुणेने नोंदवा. वेळ, विचारणारी व्यक्ती बाई की पुरुष, आवाजात काळजी होती की पहारा, हे वहीत लिहा. सारखी विचारणा होते त्या गल्ल्या कोणत्या, कोणीच विचारत नाही त्या कोणत्या, गळ्यात कॅमेरा असला की विचारणा वाढते की कमी होते, हे काही दिवसांत कागदावर दिसू लागेल. असा नकाशा पुण्याच्या पेठांत फिरणाऱ्या मुलाला काढता येणार नाही. विचारणाऱ्यांचे फोटो मात्र त्यांच्या होकाराशिवाय घेऊ नका. ती तुमच्याच गावची माणसे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी मायेने विचारतात. त्यांना खरे सांगा, 'मावशी, गाव बघत फिरतेय.' एखादी मावशी सोबत चालायला लागेल आणि तिला माहीत असलेली वाट दाखवेल. अशी वाट सर्वांत मोलाची.

सावधगिरीचेही बोलायला हवे. किल्ल्याच्या निर्जन बाजूला, तटाच्या कडेला, पडक्या जिन्यांवर एकटीने जाऊ नका. मैत्रिणीला घ्या, अंधार पडण्याआधी बाहेर या. वर्गातल्या मुलाला हा सल्ला कोणी देणार नाही, आणि ही गोष्ट मला बोचते. पण दोघातिघांनी मिळून भटकावे हे दबोरचेही म्हणणे होते, त्यामुळे काम उणे ठरत नाही. किल्ला संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉड लावण्याआधी परवानगीची चौकशी करा. दर्गा, देऊळ, मठ यांच्या आवारात आधी विचारा, मग कॅमेरा काढा.

फोटोंचे करायचे काय?

आधी घेताना. एकच लेन्स ठेवा, शक्यतो ३५ मिलिमीटरची. मोबाइल असेल तर झूम वापरू नका. पुढे जायचे असेल तर पायांनी जा. किल्ल्याचा दगड काळा आहे, म्हणून कॅमेऱ्याचे मीटर फसते आणि दगड राखाडी करून टाकते. एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवा, म्हणजे काळा काळाच राहील. परंड्यात १२-१३ मेच्या सुमारास, दुपारी १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास, सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या भिंतीची सावली काही क्षण नाहीशी होते. जुलैअखेरही तो डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात. तुमचे सत्र मेपर्यंत असेल तर ती दुपार सोडू नका. सावलीच्या आधाराने चालणाऱ्या गावाला त्या वेळी आधार उरत नाही, आणि रस्त्यावर ते दिसते.

प्रत्येक वाटेसाठी एक नियम ठरवा आणि तो मोडू नका. दर वळणाला एक फोटो, किंवा फक्त डाव्या बाजूचे फोटो. एड रुशेने १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरची प्रत्येक इमारत टिपून घडीच्या लांबलचक पट्टीचे पुस्तक केले. पुस्तकाला जोर आला तो नियम पाळल्यामुळे. परंड्याच्या बाजारपेठेच्या दोन्ही बाजूंची अशी पट्टी कोणी केली तर वीस वर्षांनी ती गावाची ठेव होईल.

मग निवडताना. सगळे फोटो लहान आकारात छापून जमिनीवर पसरा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, हा फोटो दुसऱ्या कुठल्या गावात निघाला असता का? असता, तर कितीही देखणा असला तरी बाजूला काढा. उरलेले फोटो चाललेल्या क्रमानेच लावा, सुंदरतेच्या क्रमाने लावू नका. सोबत तीन कागद असू द्या. सुरुवातीचा तुमचा त्रिकोण, 'कुठं निघालीस'चा नकाशा, आणि शेवटी परंड्याचा नकाशा कापून, तुमच्या ओढीप्रमाणे बाणांनी जोडलेला. पहिल्या आणि शेवटच्या कागदातला फरक हेच तुमच्या कामाचे मोजमाप.

प्रत्येक फोटोखाली जागेचे गावात चालते ते नाव, तारीख आणि वेळ लिहा. कागदोपत्री नाव वेगळे असेल तर तेही लिहा. आत्जेचे फोटो आज लाखमोलाचे आहेत त्यात त्या नोंदींचा वाटा आहे.

माझी शेवटची विनंती एवढीच. ही मालिका पुण्यात परीक्षकांपुढे ठेवण्याआधी परंड्यात लावा, शाळेच्या वऱ्हांड्यात किंवा ग्रंथालयाच्या भिंतीवर. वाटा चुकल्या असतील तर तिथली माणसे दुरुस्त करून देतील, आणि गावातल्या एखाद्या शाळकरी मुलीला विनाकारण फिरण्याचे एक चांगले कारण मिळेल.